वर सौर पॅनेल, खाली शतपावली: सोसायटीच्या गच्चीचा दुहेरी उपयोग कसा करावा

हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगत २०२३ मध्ये २३ किलोमीटर लांबीचा सायकल मार्ग सुरू झाला आणि त्याच्या डोक्यावर सौर पॅनेलचे छप्पर घालण्यात आले. सायकलस्वाराला सावली मिळते, छपरातून वीज मिळते आणि दोन्हींसाठी जमीन एकदाच वापरली जाते. त्याआधी २०१२ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासन येथे नर्मदेच्या शाखा कालव्यावर पॅनेल बसवून असाच विचार पाण्याच्या बाबतीत करून पाहिला गेला होता. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली चालण्यासाठी बाग झाली, नवी मुंबईत सानपाड्याच्या पुलाखाली खेळाची मैदाने झाली. ही सर्व कामे सरकारी किंवा महापालिकेच्या पातळीवरची आहेत. परंतु सामान्य माणसाच्या अगदी हाताशी असलेली, बहुतेक वेळ कुलूप लावून ठेवलेली एक मोठी जागा आपल्या प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर असते. गृहनिर्माण संस्थेने त्या गच्चीवर वीजनिर्मिती आणि व्यायाम या दोन्ही गोष्टी एकाच सांगाड्यात कशा बसवाव्यात, याचे हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक मोह बाजूला सारलेला बरा. सोसायटीच्या सभेत सौरऊर्जेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सुचवते की पेडल मारून वीज तयार करणाऱ्या सायकली बसवाव्यात, म्हणजे व्यायामही होईल आणि बिलही कमी होईल. हिशेब करून पाहावा. सामान्य प्रकृतीचा माणूस तासभर सलग पेडल मारताना सुमारे ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. जनित्र आणि तारांतील घट वजा जाता हाती ६० वॉट येतात, म्हणजे तासाभरात ०.०६ युनिट. आता सात मजली इमारतीत २८ सदनिका आहेत आणि माणशी १३५ लिटर या प्रमाणाने रोज सुमारे १५,००० लिटर पाणी २५ मीटर उंच चढवायचे आहे असे धरले, तर पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरून त्याला रोज अडीच युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. तेवढी वीज पेडल मारून मिळवायची झाल्यास रोज चाळीसहून अधिक रहिवाशांनी प्रत्येकी तासभर घाम गाळावा लागेल, आणि तरीही लिफ्ट व जिन्यातील दिवे राहतीलच. पावलांच्या दाबाने वीज देणाऱ्या फरशांची गत याहून वाईट आहे. एका पावलातून ५ ज्यूल मिळाले असे उदार मनाने मानले, तरी एका युनिटसाठी ७ लाख २० हजार पावले चालावे लागेल. याउलट महाराष्ट्रातील उन्हात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते. तेव्हा वीज सूर्याकडून घ्यावी आणि व्यायाम प्रकृतीसाठी करावा. दोहोंची सांगड जागेपुरती घालावी, यंत्रापुरती नव्हे.

आधी वापर ठरवावा, मग उंची

बहुतेक ठिकाणी घडते असे की कंत्राटदार येतो, गच्ची मोजतो, गुडघाभर उंचीच्या स्टँडवर जास्तीत जास्त पॅनेल मांडतो आणि निघून जातो. त्यानंतर गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. हे टाळायचे असेल तर कोटेशन मागवण्यापूर्वीच गच्चीवर कोण, केव्हा आणि कशासाठी येते याची नोंद करावी. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर चालणाऱ्यांना सावलीची गरजच नसते. सकाळी उशिरा येणारे ज्येष्ठ नागरिक, सुट्टीतील मुले आणि योगासनांचा वर्ग यांना मात्र ती हवी असते. म्हणून चालण्याच्या वाटेवर छप्पर घालण्याचा खर्च करू नये, असे माझे मत आहे. वाट उघडी ठेवावी आणि पॅनेलचा एकच सलग चौकोनी मांडव उभारून त्याखाली आसने, ताणाचे व्यायाम आणि बसण्याची सोय करावी. चौकोनी मांडवाला खांब कमी लागतात आणि वाऱ्यापुढे तो लांबट पट्टीपेक्षा सहज बांधता येतो.

जागेची वाटणी करताना उन्हाळ्यातील वाळवण आणि कोजागिरीचे दूध यांचाही विचार व्हावा. पापड-कुरडयांना कडक ऊन लागते आणि कोजागिरीला चंद्र दिसावा लागतो. या दोन कारणांसाठी दक्षिणेकडचा एक कोपरा पूर्ण मोकळा ठेवला तर सर्वसाधारण सभेतील निम्मा विरोध तिथेच मावळतो. शिवाय पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, वीजरोधक (आकाशातील विजेपासून बचाव करणारा दांडा) आणि जिन्याचे दार यांकडे जाण्याचे रस्ते अडता कामा नयेत. आग लागल्यास रहिवासी गच्चीकडेच धावतात, त्यामुळे जिन्याच्या दारासमोरची जागा रिकामी राहणे ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे.

आता एक उदाहरण घेऊन मापे ठरवू. गच्ची ३० मीटर लांब व १४ मीटर रुंद आहे आणि सामाईक मीटरचे बिल वर्षाच्या सरासरीने महिना सुमारे ९०० युनिटांचे आहे असे धरू. १ किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, म्हणजे साडेसात ते आठ किलोवॉट पुरेसे ठरतात. ५५० वॉटची १६ पॅनेल घेतली तर ८.८ किलोवॉट होतात. असे एक पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. आठ-आठच्या दोन ओळी लावल्यावर मांडव सुमारे ९ मीटर लांब आणि ४.६ मीटर रुंद होतो. त्याखाली एका वेळी १५ जणांच्या चटया आरामात मावतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १० अंशांत कलवली, तर ४.६ मीटर रुंदीत उंचीचा फरक ८० सेंटिमीटर पडतो. दक्षिणेची खालची कड २.५ मीटरवर ठेवली की उत्तरेची कड ३.३ मीटरवर येते. हात वर करून ताण देणारा उंच माणूसही त्याखाली डोके सांभाळत फिरावे लागणार नाही. अक्षांशाइतका, म्हणजे १८-१९ अंशांचा कल दिल्यास वीज किंचित अधिक मिळेल, परंतु उंच मांडवावर वाऱ्याचा मार त्याहून कितीतरी वाढेल. १० अंशांत पावसाने धूळही वाहून जाते, त्यामुळे हा सौदा पटण्यासारखा आहे.

उरलेल्या जागेत चालण्याची वाट आखावी. कठड्यापासून दीड मीटर आत राहून संपूर्ण फेरी मारली तर ती ७६ मीटरची होते, म्हणजे १३ फेऱ्यांत जवळजवळ १ किलोमीटर. दर १० मीटरवर जमिनीवर रंगाने खूण करावी आणि जिन्याजवळ ‘१३ फेऱ्या = १ किमी’ असा फलक लावावा; आकडा समोर असला की शतपावलीला आलेली मंडळीही नकळत किलोमीटर पूर्ण करतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालले तर ३३ फेऱ्या होतात. आठवड्यातून पाच दिवस तेवढे चालल्यास ते उद्दिष्ट गाठले जाते. वाट लहान आणि वळणे चार, त्यामुळे रोज एकाच दिशेने फिरल्यास एकाच बाजूच्या गुडघ्यावर व घोट्यावर भार पडत राहतो. सम तारखेला उजवीकडून आणि विषम तारखेला डावीकडून असा नियम फलकावरच लिहून टाकावा. समोरासमोर धडकणेही टळते.

स्लॅब काय पेलतो

येथे घाई करू नये, कारण सर्वात महागात पडणाऱ्या चुका याच टप्प्यावर होतात. पॅनेलचे वजन ही लोकांची पहिली भीती असते, पण ती अनाठायी आहे. पॅनेल आणि लोखंड मिळून दर चौरस मीटरला साधारण ३० किलोच्या आसपास भार येतो. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा आधारभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर धरला जातो. या वेगाने येणाऱ्या वाऱ्याचा दाब पुण्यात दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो आणि मुंबईत सुमारे ११८ किलो इतका निघतो, आणि इमारतीची उंची व आजूबाजूची मोकळीक पाहून तो आणखी बदलतो. खालून मोकळा असलेला मांडव हा वारा वर उचलू पाहतो. म्हणजे सांगाडा खाली दाबला जाण्याची चिंता कमी आणि उडून जाण्याची जास्त. पाया, बोल्ट आणि वेल्डिंग त्या दृष्टीने तपासले गेले पाहिजेत. अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचा आराखडा घेतल्याशिवाय कोणतेही काम सुरू करू नये. पॅनेल विकणाऱ्याचा ‘स्टँडर्ड डिझाइन आहे’ हा शब्द या आराखड्याची जागा घेऊ शकत नाही.

मांडवाचे खांब स्लॅबच्या मधोमध उभे न करता खालच्या आरसीसी खांबांच्या माथ्यावर किंवा तुळईवर यावेत. त्यासाठी इमारतीचे मूळ नकाशे शोधावे लागतात. ते सापडत नसतील तर वरच्या मजल्यावरील घरांतून खांबांची जागा मोजून घ्यावी. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा चौथरा उभारावा आणि बोल्ट त्या चौथऱ्यातच बसवावेत. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर असेल तर तो त्या जागेपुरता काढून चौथरा थेट स्लॅबला जोडावा लागतो, आणि भोवतालचे वॉटरप्रूफिंग पुन्हा गोलाई देऊन बांधावे लागते. यासाठी क्रम पाळावा: आधी चौथरे, मग संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग, त्यानंतर पाणी साचवून ४८ तासांची तपासणी आणि शेवटी सांगाडा. वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर ड्रिल मशीन घेऊन गच्चीवर येणाऱ्या माणसाला वॉचमनने खालीच थांबवावे. लोखंड गरम जस्तलेपित, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड असावे. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेत नुसता रंग दोन पावसाळ्यांनंतर पापुद्रे सोडू लागतो.

व्यायामाच्या बाबतीतही मानकाकडे पाहावे. जाण्या-येण्याची सोय असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार, म्हणजे माणसांचा व हलवता येणाऱ्या वस्तूंचा भार, धरण्याची पद्धत आहे, तर व्यायामशाळेसाठी हाच आकडा सुमारे ५०० किलो आहे. तिपटीहून जास्त असलेल्या या फरकाचा अर्थ स्पष्ट आहे. चालणे, योगासने, सूर्यनमस्कार आणि हलके डंबेल गच्चीवर चालतील, पण वजनांची यंत्रे, ट्रेडमिलची रांग किंवा तीस जणांनी एकाच तालावर उड्या मारण्याचा झुंबा नको. तो भार तर आहेच, शिवाय धाड-धाड आवाज खालच्या घरातल्या माणसाच्या उशाशी पोहोचतो. मांडवाखाली २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या रबरी लाद्या टाकल्याने आवाज कमी होतो, मात्र त्यांच्याखाली पाणी साचू नये म्हणून उतार आणि पन्हाळीकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी. दोरीवरच्या उड्यांना गच्चीवर सरसकट मनाई असावी.

ओपन जिमची लोखंडी यंत्रे बसवायचीच असतील तर ती तळमजल्यावर, मंजूर नकाशात खुली दाखवलेल्या जागेत बसवावीत. इमारतीभोवतीची अग्निशमन बंबाची वाट त्यासाठी वापरण्याचा मोह अनेक सोसायट्यांना होतो. तो कायद्याने आणि शहाणपणाने दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. यंत्रे झाडाच्या सावलीत असावीत, कारण एप्रिलच्या दुपारी तापलेल्या दांड्याला हात लावता येत नाही. हलणाऱ्या पायट्यांमध्ये लहान मुलांची बोटे सापडू शकतात, म्हणून प्रत्येक यंत्राभोवती पुरेशी मोकळी जागा आणि वयोमर्यादेचा फलक हवा.

वीज, परवानगी आणि पैसा

गच्ची सामाईक मालकीची असल्याने विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर रीतसर घेऊन ठराव मंजूर करावा. ठरावात केवळ ‘सौर प्रकल्प बसवावा’ असे मोघम न लिहिता क्षमता, मांडवाची जागा व उंची, व्यायामाच्या वेळा, खर्चाची मर्यादा आणि देखभालीची जबाबदारी नमूद करावी. मांडवाच्या उंचीबाबत स्थानिक महापालिकेच्या बांधकाम नियमावलीत काय मर्यादा आहे ते वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे, कारण बाजूंनी बंद केलेला मांडव अनधिकृत बांधकाम ठरू शकतो. तो चारही बाजूंनी उघडाच राहिला पाहिजे.

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी, विद्युत वाहनांच्या चार्जिंगसह, दर किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळते; प्रत्येक घरामागे ३ किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट अशी वरची मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातील ८.८ किलोवॉटच्या पॅनेलना ८ किलोवॉटचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) जोडला, तर हे अनुदान १ लाख ४४ हजार रुपये होते, कारण पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी कमी असलेली क्षमता हिशेबात धरली जाते. अनुदानासाठी पॅनेलमधील सेल भारतीय बनावटीचे असणे बंधनकारक आहे. कोटेशनमध्ये तसा स्पष्ट उल्लेख मागावा. उंच सांगाड्यासाठी वेगळे अनुदान नाही आणि तो नेहमीच्या ठेंगण्या स्टँडपेक्षा बराच महाग पडतो. म्हणून कोटेशनमध्ये वीजयंत्रणा आणि सांगाडा यांच्या किमती स्वतंत्र लिहून घ्याव्यात, म्हणजे सभासदांना विजेच्या बचतीतून काय वसूल होणार आणि मांडव म्हणून आपण काय विकत घेत आहोत हे वेगवेगळे दिसते. सगळा खर्च विजेतूनच फिटेल असे दाखवणारा तक्ता कोणी आणला, तर त्यात सांगाडा धरला आहे की नाही हे आधी पाहावे.

नेट मीटरिंगसाठी, म्हणजे वीज कंपनीला दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्यासाठी, योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करून वीज कंपनीच्या यादीतील विक्रेता निवडावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट केंद्रीय नियमांनी काढून टाकली आहे, त्यामुळे लहान प्रकल्पाचे काम त्या टप्प्यावर अडत नाही. प्रकल्पाची क्षमता सामाईक मीटरच्या मंजूर भारापेक्षा जास्त असता कामा नये. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते आणि बिलातून वजा होते; पण ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा खूप कमी असतो. त्यामुळे ‘जागा आहे तर आणखी दोन ओळी टाकू’ हा हिशेब फायद्याचा नाही. वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांचे नियम नवीन दर-आदेशाबरोबर बदलतात. करार करण्यापूर्वी त्या वर्षीचा आदेश वाचून घ्यावा.

दोन गोष्टी सभासदांना आधीच सांगून ठेवाव्यात. पहिली, बॅटरी नसलेली ग्रीडशी जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर स्वतःही बंद होते, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराकडे आपली वीज जाऊ नये. भर दुपारी ऊन पडलेले असताना लिफ्ट का थांबली, हा प्रश्न मग सेक्रेटरीला विचारला जाणार नाही. दुसरी, पॅनेलच्या माळेतील डीसी विजेचा दाब कित्येक शे व्होल्ट असतो आणि ऊन असेपर्यंत तो बटण दाबून संपत नाही. खाली मुले खेळणार असल्याने प्रत्येक तार नळीतून, खांबाच्या आतल्या बाजूने आणि हाताच्या उंचीपलीकडून न्यावी. इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत हवेशीर जाळीच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा. मांडवाच्या लोखंडाला आणि वीजरोधकाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. कठडा एक मीटरहून ठेंगणा असेल तर मुलांना वर येऊ देण्याआधी त्यावर उभ्या गजांचे रेलिंग बसवावे. आडवे गज लावू नयेत, मुले त्यांचीच शिडी करतात.

देखभाल आणि शेवटचा हप्ता

पॅनेल तीन मीटर उंचीवर गेली की ती धुणार कोण, हा प्रश्न आराखड्यातच सोडवावा. दोन ओळींच्या मध्ये माणूस चालू शकेल अशी जाळीदार पट्टी आणि सुरक्षापट्टा अडकवण्यासाठी दोरी, किंवा मग खालून पोहोचणारा लांब दांड्याचा मऊ ब्रश, यांपैकी एक सोय हवीच. डिसेंबर ते मे दर पंधरवड्याला, सकाळी काच तापण्यापूर्वी धुणे पुरते. चालणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर आणि योगवर्ग नसताना ते करावे. बोअरवेलच्या जड पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून टाकीतील नळाचे पाणी वापरावे. खालच्या कडेला पन्हाळ लावली तर धुण्याचे पाणी व पाऊस चटयांवर टपकत नाही.

कंत्राटदाराला दिल्या जाणाऱ्या रकमेपैकी दहा टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवण्याची अट करारात घालावी. ऑक्टोबरमध्ये इंजिनिअरला सोबत घेऊन तीन जागा पाहाव्यात: वरच्या मजल्यावरील घरांच्या छतावर चौथऱ्यांच्या खाली ओल आली आहे का, वेल्डिंगच्या सांध्यांवर गंजाची तांबूस रेघ दिसते का, आणि पॅनेल धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट पान्ह्याने घट्ट बसतात की फिरतात. त्याबरोबरच इन्व्हर्टरवरील युनिटांचा आकडा आणि सामाईक बिलातील वजावट एकमेकांशी जुळवून पाहावी. तिन्ही जागा कोरड्या व घट्ट असतील आणि आकडे जुळत असतील तर हप्ता मोकळा करावा, अन्यथा दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच.